रेघांची वही

"काल आईच्या पानावर कुणीतरी चव्वेचाळीस मिनिटं थांबलं होतं," असं सुदर्शन सकाळी चहा पिता पिता म्हणाला आणि मोजे शोधायला आत निघून गेला. आज थंडी जरा जास्त आहे, असं म्हणावं तसं म्हणाला. कोंडीरामने खारी चहात बुडवली होती. ती हातातच राहिली, मऊ पडली, तुटली आणि कपाच्या तळाशी जाऊन बसली. पुण्याच्या मांजरी भागातल्या त्या सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीतून सोसायटीचं गेट दिसायचं. गेटावरचा वॉचमन एका कुरिअरवाल्याचं नाव मोबाइलमध्ये टिपून घेत होता. कोंडीराम रोज सकाळी हे बघत बसायचा. ज्याचं आयुष्य गेटावर गेलं, त्याची नजर आपोआप गेटाकडेच जाते. पण त्या दिवशी त्याला खालचं काही दिसत नव्हतं. तो मनात पाढा म्हणत होता. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं होतं. अकरा चोक चव्वेचाळीस.

वेणूबाईला जाऊन आदल्याच दिवशी पाच महिने झाले होते. ती गेली एकोणीस ऑगस्टला, आणि गणपती झाल्यावर सुदर्शनने तिच्या नावाचं एक पान इंटरनेटवर टाकलं. वेणूबाई कोंडीराम इंगोले, गाव अमुक, जिल्हा वाशीम; खाली बारा फोटो आणि एक रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग सुनेचं, श्रद्धाचं काम. आदल्या उन्हाळ्यात सासूबाई कुरोड्यांचा चीक शिजवत होत्या, तेव्हा तिने मोबाइल ओट्यावर उभा करून ठेवला होता. अकरा मिनिटं वेणूबाई बोलत होती: गहू किती दिवस भिजवायचे, पाणी रोज कसं बदलायचं, चीक गाळताना हात कसा ठेवायचा. मध्ये कुकरची शिट्टी होती, भांडी होती, कुठेतरी दारावरची बेल आणि बाहेरच्या खोलीतली बोलाबोली होती. सुदर्शन म्हणाला होता, हे काढून टाकू का? श्रद्धा म्हणाली, राहू दे, घर वाटतं. गावाकडच्या लोकांना बघता यावं म्हणून पान केलं, असं घरात सगळे म्हणायचे. आणखी कुणाला बघता यावं, हे कुणी बोलत नव्हतं. गेली वीस वर्षं त्या घरात ते नाव कुणी जेवणाच्या वेळी काढत नव्हतं, आणि इतर वेळीही नाहीच.

संध्याकाळी सुदर्शन आल्याबरोबर कोंडीरामने विचारलं, "कोण होतं ते?"

"कोण?"

"काल थांबलं ते. चव्वेचाळीस मिनिटं."

"ते नाही कळत, बाबा."

"गाव तरी?"

"नाही."

"बाई होती का माणूस?"

सुदर्शन हसला. "बाबा, तीच तर गंमत आहे आपल्या मोजणीची. ती फक्त मोजते. किती आले, किती वेळ थांबले, पान कुठवर वाचलं, रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं. आला तो कोण, हे ती विचारतच नाही. एका दिवसापुरती खूण ठेवते, म्हणजे तोच माणूस दोनदा मोजला जाऊ नये. रात्री बारा वाजता ती खूणही पुसते. मग मलासुद्धा शोधून काढता येत नाही. आणि एवढीशी आहे ती, एका फोटोहूनही हलकी."

ही मोजणी त्याने स्वत: लिहिली होती. दिवसा तो हडपसरच्या मोठ्या कंपनीत जायचा आणि तिथे नेमकं उलटं काम करायचा. लोक कुठे बोट ठेवतात, किती वेळ रेंगाळतात, काय विकत घेता घेता थांबतात, आणि ते लोक कोण, हे सगळं जमवायचा. त्या कामाचा त्याला वीट आला होता. म्हणून सुट्टीच्या दिवशी बसून त्याने हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. परदेशातल्या शे-दोनशे लोकांनी तो आपापल्या पानांवर लावला होता. त्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'रेघ'. ज्या दिवशी नाव ठेवलं, त्या दिवशी त्याने बापाला हौसेने सांगितलं होतं, "तुमच्या पहिल्या वहीवरून घेतलंय. रेघांच्या. तीच वही बरोबर होती, बाबा. पाहुणा आला, एक रेघ. बास." कोंडीरामने तेव्हा नुसती मान हलवली होती. बोलायचं म्हटलं, तर वही उलटी करून दाखवावी लागली असती.

ती वही त्याच्या पत्र्याच्या पेटीत, इस्त्रीच्या जुन्या गणवेशाखाली होती. शहाऐंशी साली दुष्काळात तो वाशीमकडून पुण्याला आला, तेव्हा त्याला सही येत नव्हती. हडपसरला रबराचे भाग करणाऱ्या कारखान्यात आठ वर्षं काढली. मग बाहेरचा माल आला, कारखाना बसला, आणि एका एजन्सीने त्याला खाकी कपडे देऊन सेनापती बापट रस्त्यावरच्या एका संगणकाच्या कंपनीच्या गेटावर उभं केलं. काचेची इमारत होती. आत काय चालतं, हे गेटावर कुणाला माहीत नव्हतं. सकाळी पोरं-पोरी गळ्यात पट्टे घालून यायची, कधी गोरे साहेब यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेव, असं त्याला सांगितलं होतं. मग बाजार समितीत पोती मोजतात तशी तो नोंद ठेवायचा: एक माणूस, एक उभी रेघ, पाचवी आडवी. पानंच्या पानं रेघांनी भरली. सहा वर्षं कुणी काही म्हटलं नाही. रेघेला तोंड नसतं, पाय नसतात. संध्याकाळी वही मिटली, की दिवसभरातली सगळी माणसं तिच्यात विझून जायची. कोंडीराम हलक्या डोक्याने बसथांब्यावर जायचा. आता मागे वळून बघताना त्याला वाटायचं, तेवढीच वर्षं आपण चांगले होतो.

दोन हजार साली नवीन मॅनेजर आला. त्याने वही उघडली आणि दोन बोटांत धरून विचारलं, "हे काय, कुंपण काढलंय का?" उद्यापासून नाव, वेळ आणि कुणाला भेटायचं, एवढं लिहायचं, येत नसेल तर घरी बसायचं. कोंडीरामने घरी येऊन हे वेणूबाईला सांगितलं. मुक्ताई चुलीपाशी भाकरी थापत होती. वीस वर्षांची, बारावी झालेली, थोरली. पीठ लागलेले हात तसेच ठेवून ती म्हणाली, "मी शिकवते. त्यात काय?" माळवाडीच्या त्या दोन खोल्यांत, संध्याकाळी, लोखंडी कॉटवर बसून तिने बापाला अक्षरं शिकवली. बाराखडीच्या मागे तिने त्याला लावलं नाही. "आधी नावं शिका, बाबा. तुम्हाला नावंच लागणार." नवीन वह्या कंपनीने दिल्या होत्या, म्हणून त्याने रेघांची अर्धवट वही घरी आणली होती. तीच उलटी करून मागच्या बाजूने ती लिहायला लावायची. पहिलं नाव त्याने स्वत:चं लिहायला हवं होतं. तो म्हणाला, नाही, तुझं. तिने त्याचा जाड अंगठा धरून पेन्सिल फिरवली. जोडाक्षराशी हात अडला. तिने पुन्हा धरला. तिच्या हाताला पिठाचा वास होता. जन्मात पहिल्यांदा त्याने लिहिलेलं कुणीतरी वाचलं: "मुक्ताई. बरोबर आहे की हो!" आणि ती इतकी खळखळून हसली, की शेजारीण डोकावून गेली.

एवढ्यावर थांबलं असतं, तर बरं झालं असतं. पण माणसाला नवीन हत्यार मिळालं, की त्याचा हात स्वस्थ बसत नाही. मुक्ताई नारायण पेठेत संगणकाच्या क्लासला जायची. त्या इमारतीच्या दारावर सुखदेव होता, शेजारच्या गावचा. स्वारगेटच्या लॉजवर एक ओळखीचा, पुलाच्या तोंडाशी बँकेत दुसरा. सगळे वाशीम-हिंगोलीकडचे, एकाच एजन्सीचे, पाळी बदलताना स्वारगेटला एकाच टपरीवर चहा पिणारे. पोरीची जात आहे, शहर मोठं आहे, लक्ष ठेवा, एवढंच त्याने म्हटलं होतं. सुखदेवने एकदा कपातला चहा बशीत ओतत सांगितलं, "कोंडीभाऊ, तुमची पोरगी आज दोनलेच निघाली बरं का. संगं एक जण होता. चष्म्याचा." घरी ती पोचली चारला. कोंडीरामने त्या संध्याकाळी वहीच्या मागच्या बाजूला लिहिलं: मुक्ताई. २ निघाली. ४ आली. मधले दोन तास त्याला लिहिता आले नाहीत, आणि ते न लिहिलेले दोन तास त्याला रात्रंदिवस टोचत राहिले. मग तो रोज लिहू लागला. दारात उभा राहायचा, उंबऱ्याच्या आत, आणि विचारायचा, "कुठून आलीस? कोणासंगं होतीस? सांग, मंग आत ये." वेणूबाई म्हणायची, "आवं, घर हाय हे, कंपनी नाही." तो ऐकत नव्हता. अक्षर मात्र सुधारत गेलं. दिवसेंदिवस ती दोन-चार अक्षरं इतकी वळणदार झाली, की मॅनेजरनेही एकदा कौतुक केलं.

दोन हजार एकच्या जून महिन्यात तिला ती वही सापडली. भांडण झालं नाही. ती वही घेऊन कॉटवर बसली, सगळी पानं वाचली, शिकवणाऱ्याने तपासावं तशी. मग म्हणाली, "हजारो माणसं आली तुमच्या गेटावर, बाबा. त्यांच्या नुसत्या रेघा. नाव माझं एकटीचंच?" कोंडीराम म्हणाला, "तुह्या भल्यासाठीच ना." तिने वही मिटून जागच्या जागी ठेवली. चौथ्या दिवशी ती क्लासला म्हणून गेली, आणि त्या दिवशी तिला कुणीच पाहिलं नाही. सुखदेवने नाही, लॉजवाल्याने नाही, बँकेतल्याने नाही. इतक्या गेटांच्या मधून ती कशी गेली असेल, याचा कोंडीरामने वीस वर्षं विचार केला होता. सुदर्शन तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याला सांगितलं गेलं, ताई चष्मेवाल्याबरोबर गेली. तो तेच धरून मोठा झाला. वहीची पुढची बाजू त्याने पाहिली होती, मागची कधीच नाही.

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला सुदर्शनने स्वत:च हाक मारली. पुन्हा चार ते पाचच्या मध्ये कुणी आलं होतं, पुन्हा चव्वेचाळीस मिनिटं, रेकॉर्डिंग चार वेळा. मग त्याने मागचे महिने उघडून पाहिले. ऑक्टोबरची एकोणीस: चार वेळा. नोव्हेंबरची: दोन. डिसेंबर, जानेवारी: चार-चार. बाकी दिवशी कुणी आलंच, तर तीन सेकंद थांबून निघून जायचं. सुदर्शन खुर्चीत मागे रेलला. वीस वर्षांत पहिल्यांदा तो म्हणाला, "ताई असेल?"

कोंडीराम पडद्याजवळ सरकला. "नाव घे तिचं. लिहून घे. तुही मशीन हाय ना?"

"तसं नाही करता येत."

"काहून? तूच बनवली ना?"

"म्हणूनच. कुणाच्या नकळत कुणाची नोंद ठेवायची नाही, एवढा एकच नियम आहे तिचा. तो मोडला तर माझ्या ऑफिसातलं काम आणि हे, फरक काय राहिला?"

"नियम," कोंडीराम म्हणाला. "तुह्या मायनं शेवटच्या दिवशी इचारलं मले, आली का पोरगी? मी आता काय सांगू तिले? एक रेघ आली?"

सुदर्शनने उघडलेले मागचे महिने एकेक करून बंद केले. मलाही हवी आहे ती, असं काहीतरी पुटपुटला. शेवटी म्हणाला, नकळत नाही करणार, विचारून करतो. पान उघडताना समोर एक चौकोन येईल, त्यात दोन ओळी, खाली दोन बटणं. नाव लिहायचं असेल त्याने लिहावं. नको असेल, तर 'नको' दाबावं. तरी पान उघडेल. "ओळी तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुमच्या शब्दांत असू देत."

कोंडीराम त्यावर चार दिवस बसला. वेणूबाईच्या औषधांच्या पिशवीवर पेनाने लिहून लिहून खोडत राहिला. पोरी, असं सुरू करावंसं वाटायचं, पण ती नसली तर? परकं माणूस हसेल. माफी, हा शब्द त्याने लिहून पाहिला. तो शब्द त्याने आजवर कधी लिहिला नव्हता, आणि अक्षर असं काही वाकडंतिकडं आलं, की त्याने ते गिरवून काळं केलं. जे येत होतं ते एकच होतं. वीस वर्षं तोंडात बसलेलं, हाताला वळण लागलेलं. पाचव्या दिवशी त्याने कागद पोराच्या हातात दिला: आपण कोण? कुठून आलात? नाव व फोन नंबर सांगून मग आत यावे.

सुदर्शनने वाचलं. "बाबा, जरा गेटावरच्या पाटीसारखं वाटतंय."

"मले असंच येते."

"बरं," सुदर्शन म्हणाला आणि तसंच टाइप केलं. श्रद्धा मागे उभी राहून वाचत होती. वाचून झाल्यावर तिने सासऱ्यांकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

एकोणीस मार्चला कोंडीराम दाढी करून बसला. स्वच्छ सदरा घातला. कशासाठी, हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. सुदर्शन त्या दिवशी घरूनच काम करत होता. साडेचार वाजून गेल्यावर त्याच्या खुर्चीचा आवाज थांबला. कोंडीराम दारात जाऊन उभा राहिला, उंबऱ्याच्या आत.

"आलं होतं कुणीतरी," सुदर्शन म्हणाला.

"मंग?"

"नऊ सेकंद."

"नाव?"

"'नको' दाबलंय." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "नको दाबलं तरी पान उघडत होतं, बाबा. मी तशी सोय ठेवली होती. पण पान बघितलंच नाही. बंद करून गेलं."

खाली गेटावर कुणाची तरी गाडी हॉर्न देत होती. कोंडीराम ऐकत राहिला. त्या नऊ सेकंदांत काय काय झालं असेल, ते त्याला घड्याळासारखं स्वच्छ दिसत होतं. दोन ओळी वाचायला चार. ओळखायला एक. उरलेल्या चार सेकंदांत ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली असेल, तेव्हा राहायची तशी, पर्स छातीशी धरून, बापाच्या खांद्यावरून आत आई दिसते का, ते बघत. ती मुक्ताई होती. ती मुक्ताई नव्हतीच, कुणीतरी भलतंच होतं, असंही असू शकत होतं. हे दुसरं त्याने स्वत:ला दोन-तीनदा सांगून पाहिलं.

"मला कळत नाही," सुदर्शन म्हणत होता. "पाच महिने येणारं माणूस दोन ओळी वाचून जातं? काय होतं एवढं त्यात?"

तेव्हा कोंडीराम आत गेला, पेटी उघडली, गणवेश बाजूला केला आणि वही आणून पोराच्या पुढ्यात ठेवली. उलटी करून. सुदर्शनने पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मुक्ताई. २ निघाली. ४ आली. कुठून आली: सांगत नाही. पानागणिक अक्षर सुधारत गेलेलं त्यालाही दिसलं असावं. तीन-चार पानं उलटल्यावर तो वाचायचा थांबला. वही मिटली, सुलटी केली, रेघांची बाजू वर येईल अशी ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसून राहिला. बापाकडे त्याने पाहिलं नाही. मग नुसतं म्हणाला, "चौकोन काढतो मी."

"काढ," कोंडीराम म्हणाला. वहीकडे बघत त्याने विचारलं, "पण काढला, हे तिले कसं कळन?"

"त्यासाठी तिला पुन्हा यावं लागेल."

"आन् कळवायचं म्हटलं तर?"

"कुणाला कळवणार, बाबा?"

एप्रिलच्या एकोणीस तारखेला कुणी आलं नाही. सुदर्शनने ते सांगितलं नाही, आणि कोंडीरामने विचारलं नाही. सुदर्शन आता घरात कमी बोलायचा. रागाने नव्हे, बापाशी बोलताना शब्द मध्येच संपून जायचे, एवढंच. रात्री जेवताना ताटात पापड पडायचा, कुरोडी पडायची नाही. त्या उन्हाळ्यात घरात कुरोड्या झाल्याच नाहीत.

मेच्या एकोणीसला दुपारी घरात कुणी नव्हतं. कोंडीरामने मोबाइलवर बायकोचं नाव स्वत: टाइप केलं, एकेक अक्षर शोधून. पान उघडलं. चौकोन आला नाही. त्याने बोटाने पान वर वर सरकवलं. बारा फोटो गेले, आणि अगदी तळाशी, जिथे सुदर्शनने मोजणी सगळ्यांना दिसेल अशी उघडी ठेवली होती, तिथे लिहिलं होतं: आज आले, एक. त्याने मोबाइल डोळ्यांजवळ आणला. मग लक्षात आलं, की ती रेघ त्याची स्वत:चीच होती.

त्याने रेकॉर्डिंग लावलं. वेणूबाईचा आवाज खोलीभर झाला. गहू, पाणी, फडकं. हे त्याने पुष्कळदा ऐकलं होतं, पण ऐकताना तो तिच्याकडेच कान द्यायचा, मागचं बाकीचं कधी ऐकत नव्हता. नवव्या मिनिटाला बेल वाजली. बाहेरच्या खोलीतून एका म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला, "कोण हाय? नाव सांगा आधी." तो आवाज आपला आहे, हे समजायला त्याला थोडा वेळ लागला. इकडे पातेल्यात उलथणं फिरत होतं, ते थांबलं नाही. त्याच लयीत, मान न वळवता, वेणूबाई म्हणाली, "कोनी का असेना बाप्पा. येऊ द्या ना आत."

पाच महिन्यांत हे अठरा वेळा ऐकून पोरगी गेली होती. तेवढा आकडा त्याच्यापाशी होता.

"तर सांगत काय होती मी," वेणूबाई सुनेला म्हणाली, "ढवळत राहा लागते. हात थांबला, का गाठी झाल्याच समज. मंग त्या फुटत नाहीत."